आतून उत्तर द्यायला कुणीतरी लागतं

सिस्टर बसून कधी रागावल्या नाहीत. राग आला की आधी उभ्या राहायच्या, मग चष्मा काढून गळ्यातल्या दोरीवर सोडायच्या आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून बोलायला सुरुवात करायच्या. बहारीनच्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या इमारतीच्या वॉचमनला आणि खालच्या कोल्ड स्टोअरवाल्या, म्हणजे किराणावाल्या, मल्याळी दुकानदाराला हा क्रम पाठ होता. चष्मा छातीवर लोंबताना दिसला की दुकानदार "सॉरी सिस्टर, सॉरी सिस्टर" म्हणून आधी माफी मागून मोकळा व्हायचा आणि काय चुकलं ते मागाहून विचारायचा. काही ना काही चुकलेलं असायचंच. कधी उन्हात ठेवलेले अंड्यांचे ट्रे, कधी एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला दिलेलं तुसडं उत्तर. दुसऱ्याच्या अपमानावर त्या स्वतःच्या अपमानाइतक्याच तापायच्या, आणि त्यांचा राग मला तेव्हा जरा अतीच वाटायचा.

त्या आयर्लंडच्या. पश्चिमेकडच्या, समुद्राला लागून असलेल्या एका खेड्यातल्या. त्यांचं खरं नाव लिहायला एक आणि उच्चारायला भलतंच होतं, त्यामुळे बहारीनमध्ये तीस-पस्तीस वर्षं सगळ्यांनी त्यांना सिस्टरच म्हटलं. नवऱ्याबरोबर तरुणपणी इथे आल्या. तो जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत होता. तो इथेच गेला, इथेच पुरला गेला, मूलबाळ नव्हतं, आणि सिस्टर एका इस्पितळाच्या लेबर वॉर्डात नर्स म्हणून राहिल्या त्या राहिल्याच. आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा एकटीचा संसार होता. बोलायच्या इंग्रजीत, मधे मधे हिंदी, अडलं की अरबी "यल्ला", म्हणजे चला, आणि "खलास". मराठी मात्र त्यांना एकच वाक्य अस्खलित यायचं, "कळ दे गं, कळ दे". ते त्यांनी आमच्या बायकांकडून बाळंतपणात उचललं होतं. पुढे त्यांची बोलणी मी मराठीत लिहिते आहे, पण चष्मा काढलेला आहे असं समजूनच ती वाचावीत.

माझी जुई त्यांच्याच हातावर जन्मली. चौदा तास कळा देऊन माझा जीव मेटाकुटीला आला होता, तेव्हा सिस्टरनी पिशवीतून एक पांढरट फडक्याची पट्टी काढली आणि माझ्या कपाळावर बांधली. मला वाटलं, घाम पुसायला असेल. मग त्या माझ्या कानाशी वाकून त्यांच्या गॅलिक भाषेत काहीतरी गुणगुणायला लागल्या. नंतर कळलं की ते गाईची धार काढायचं गाणं होतं. अडून बसलेली गाय ते ऐकून पान्हा सोडते म्हणे. मी बरी झाल्यावर म्हटलं, "सिस्टर, मला गाईचं गाणं?" त्यावर त्या म्हणाल्या, "गाय तुझ्याइतकी ओरडत नाही."

ते फडकं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. आयर्लंडात एक फेब्रुवारीला वसंत सुरू होतो. तो दिवस संत ब्रिजिडचा. आदल्या संध्याकाळी ब्रिजिड दारोदार फिरते अशी समजूत आहे, म्हणून एक फडकं बाहेर टांगून ठेवायचं. जाताना तिचा हात लागला की ते फडकं आजाऱ्याला, अडलेल्या बाळंतिणीला उपयोगी पडतं. सात वर्षं ओळीने बाहेर राहिलं की त्याला पूर्ण गुण येतो. सिस्टर दर वर्षी ते बाल्कनीच्या दोरीवर लावायच्या. एकदा ते वाऱ्याने उडून आमच्या बाल्कनीत पडलं. मी कराडची, स्वच्छतेच्या घरात वाढलेली. बहारीनची धूळ बसून त्याचा रंग गेलेला बघून मी ते पावडरमध्ये भिजवलं, चांगलं खळखळून धुतलं, इस्त्री केली आणि घडी घालून मोठ्या कौतुकाने वर नेऊन दिलं. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. चष्मा दोरीवर गेला. "हे सहाव्या वर्षाचं होतं," एवढंच म्हणाल्या. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत आणि पुढच्या वर्षी नवं फडकं घेऊन पहिल्यापासून मोजायला लागल्या.

त्यांचं वर्ष चार दिवसांवर उभं होतं. फेब्रुवारीत ब्रिजिड, मेच्या पहिल्या तारखेला उन्हाळा, ऑगस्टच्या तोंडावर सुगी आणि ऑक्टोबरच्या शेवटी हिवाळ्याचं दार. बहारीनमध्ये या चारांतला एकही ऋतू वेळेवर येत नाही, काही तर येतच नाहीत, पण सिस्टरना त्याची फिकीर नव्हती. एक मेच्या आदल्या दिवशी त्या रस्त्याकडेच्या झुडपांची पिवळी फुलं खुडून इमारतीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर ठेवायच्या. बाहेर अंगाची लाही होत असताना "उन्हाळा आला, अभिनंदन" असं म्हणणारी ती एकच बाई मी पाहिली आहे. सुगीच्या वेळी त्यांच्या गावात सगळी तरुण मंडळी डोंगर चढून जांभळ्या रंगाची रानफळं वेचायला जातात. इथे डोंगर कुठला? त्या सीफच्या मॉलमधून गोठवलेल्या ब्लूबेरीचा डबा आणायच्या आणि आम्हाला लिफ्ट सोडून जिन्याने पाच मजले चढवून गच्चीवर न्यायच्या. जुलैअखेरची दमट संध्याकाळ, आमच्या यांचा शर्ट पाठीला चिकटलेला, फळांचं पाणी झालेलं, आणि सिस्टर आनंदात गात उभ्या.

हिवाळ्याच्या दाराला त्यांना सलगम लागायचा. इथल्या बाजारात तो भरपूर मिळतो, अरबी लोक त्याचं गुलाबी लोणचं घालतात. सिस्टर सलगम आतून कोरून त्याला भेसूर तोंड पाडायच्या आणि आत दिवा लावायच्या. मेलेली माणसं त्या संध्याकाळी घरी यायला निघतात, त्यांना वाट दिसावी आणि नको ते बाहेर राहावं म्हणून. मी एकदा चुकून "म्हणजे हॅलोविन" असं म्हटलं. झालं, त्या उठल्या. "मॉलमध्ये बघ, प्लास्टिकचे भोपळे, नारिंगी! भोपळा अमेरिकेचा. मेलेल्यांची चेष्टा करून मुलांना चॉकलेट वाटतात. तुझी आजी घरी आली तर तू तिच्यासमोर रबरी मुखवटा घालून नाचशील?" मार्चमध्ये हॉटेलात हिरव्या टोप्या घालून आयरिश सण साजरा करणाऱ्यांबद्दल त्या जे बोलायच्या ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. त्यांना त्या समारंभात गायला बोलावलं होतं आणि दुसऱ्या कडव्यावर बॅंडवाल्यांनी ढोल सुरू केला होता, हे मला फार नंतर समजलं.

कारण सिस्टरचं गाणं असं मधे थांबवायचं गाणं नव्हतं. साथीला काही नाही, टाळ्या नाहीत. डोळे मिटायचे आणि गायचं. शेजारी बसलेल्याने गाणाऱ्याचा हात हातात घ्यायचा आणि गाणं चालू असेपर्यंत हळूहळू गोल फिरवत राहायचा, असा त्यांच्याकडे रिवाज. आम्हाला ते जमेना. मी हात धरला की अवघडून जायची, हे तर लाजून लालच व्हायचे. हात धरला तो तळमजल्यावरच्या सावंत काकूंनी. काकू मालवणकडच्या, नवरा कंपनीची बस चालवायचा, तो वारल्यावर मुलाच्या व्हिसावर इथेच राहिलेल्या. एकदा आमच्याकडे पुरणपोळ्या लाटायला आल्या असताना सिस्टर गायला लागल्या, तशा काकू पिठाचे हात पुसून शेजारी बसल्या आणि जात्याचा खुंटा धरावा तसा त्यांनी सिस्टरचा हात धरून फिरवायला सुरुवात केली. गाणं संपल्यावर काकूंनी आपली एक ओवी म्हटली. त्या वेळी सिस्टरनी हात फिरवला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी पुढे आठवड्यातून एकदा तरी त्यांची ही बैठक बसायचीच.

आमच्या घरी जो सोहळा व्हायचा तो मात्र ब्रिजिडच्या संध्याकाळचा. त्यासाठी सिस्टरना घर लागायचं, माणसांचं घर. रीतच अशी की एकीने लव्हाळ्याची जुडी घेऊन बाहेर जायचं, दार तीनदा ठोकायचं आणि म्हणायचं, "गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या." आतल्यांनी उत्तर द्यायचं, "शे बाहा, शे बाहा." म्हणजे तिचं स्वागत असो. असं झालं की दार उघडायचं, मग सगळ्यांनी बसून लव्हाळ्याचे चार हातांचे क्रॉस विणायचे आणि लोणी घातलेला कुस्करलेला बटाटा खायचा. सिस्टर एकट्या. त्या बाहेर गेल्या तर आत उत्तर द्यायला कोण? म्हणून जुई झाली त्या वर्षीपासून त्या आमचं दार ठोकायच्या. जिदहफ्सच्या बाजूला खजुराच्या बागेतल्या पाटाकडेला लव्हाळा उगवतो, तो आमचे हे त्यांना गाडीतून आणायला न्यायचे. उपटायचा, सुरीने कापायचा नाही. हे गुडघे टेकताना "आई गं" म्हणायचे, मी "या, या, आत या" म्हणायची, आणि जुई एरवी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणारी पोर, पण "शे बाहा" असं काही ठणठणीत ओरडायची की काकू तळमजल्यावरून वर यायच्या. सिस्टर म्हणायच्या, ब्रिजिडला सगळ्या भाषा कळतात, फक्त गप्प बसलेलं कळत नाही.

गेल्या वर्षी सिस्टरचा व्हिसा पुढे वाढणार नाही हे ठरलं. निवृत्तीनंतर त्या एका क्लिनिकमध्ये नर्सना शिकवत होत्या, तेही संपलं. फेब्रुवारीच्या मध्याला त्या कायमच्या परत जाणार होत्या. तिकडे भाचीच्या घरी मागच्या बाजूची खोली. म्हणजे त्या वर्षीची ब्रिजिडची संध्याकाळ त्यांची बहारीनमधली शेवटची. लव्हाळा आणायला जाताना त्यांनी मला सांगितलं होतं, "या वर्षी नीट व्हायला हवं. चौतीस वर्षांत माझं म्हणून एकच दार मिळालं मला इथे, तुमचं."

आणि मी काय केलं? एकतीस जानेवारीला शुक्रवार होता. शुक्रवारची सुट्टी बघून मी त्याच संध्याकाळी आमच्या घरी महाराष्ट्र मंडळाच्या बायकांचं हळदीकुंकू ठेवलं. तारीख बघितली ती वार बघण्यासाठी. लक्षात आलं तेव्हा निरोप गेले होते. मी सिस्टरना म्हटलं, शुक्रवारी आमच्याकडे बायकांचा कार्यक्रम आहे, थोडी गडबड असेल. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "उत्तम! आत जितकी माणसं जास्त, तितकं चांगलं." मी मान डोलावली. एवढ्या वर्षांत मी त्यांना हळदीकुंकवाला कधी बोलावलं नव्हतं. का नव्हतं बोलावलं, हा प्रश्नही मला पडला नव्हता. त्यांना नवरा नाही, विषय संपला, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी दिवाणखान्यात पंचवीस-तीस बायका होत्या. काठापदराच्या साड्या, काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, वाण म्हणून स्टीलच्या डब्या. सावंत काकू स्वयंपाकघरात तिळगुळाच्या पुड्या बांधत होत्या. नऊ वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. मंडळाचा कार्यक्रम असला की लाडू त्यांचे, आणि त्या आत. मगरिबची, सूर्यास्ताची बांग होऊन गेली होती. मी हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन तिसऱ्या का चौथ्या बाईपाशी होते, तोच दारावर थाप पडली. एक. थांबून दुसरी. थांबून तिसरी. आणि बाहेरून सिस्टरचा तो खणखणीत आवाज.

दाराजवळ आमच्या मंडळाच्या अध्यक्षा बसल्या होत्या, ज्यांना सगळ्या वहिनी म्हणतात. जुई आतून धावत येईपर्यंत त्यांनी दार उघडलं होतं. सिस्टर बाहेर उभ्या होत्या. निळा झगा, डोक्याला रुमाल, हातांत लव्हाळ्याची भलीमोठी जुडी. वहिनींनी त्यांना ओळखलं. का ओळखणार नाहीत? त्यांचीही दोन मुलं सिस्टरच्याच हातची. वहिनी अगदी गोड हसून म्हणाल्या, "सिस्टर, टुडे ओन्ली फॉर मॅरीड लेडीज हं. हजबंड असलेल्या. टुमारो कम, तिळगूळ ठेवते तुमच्यासाठी." सिस्टरनी वहिनींच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. माझ्या नि त्यांच्या मधे चार हातांचं अंतर होतं. मी करंडा घेऊन उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. बायका बघत होत्या, वहिनी बघत होत्या, वाटलं आत्ता नको, नंतर वर जाऊन सांगू. सिस्टर उभ्याच होत्या, पण चष्मा काही उतरला नाही. त्या "ओके, ओके" म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या. जुई माझ्या पदराला हिसका देऊन म्हणाली, "यू डिडन्ट से इट, आई. व्हाय डिडन्ट यू से इट?" मी तिला म्हटलं, "नंतर." आणि पुढच्या बाईला कुंकू लावलं.

आज हे लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते. वहिनींवर चिडणं सोपं आहे, आणि मी चिडलेच आहे, अजूनही आहे. जिने तुमच्या पोरांची नाळ कापली तिला उंबऱ्यावरून परत पाठवताना जीभ कशी रेटते? कुठल्या शास्त्रात लिहिलंय की तिळगूळ द्यायला समोरच्या बाईचा नवरा जिवंत लागतो? पण घर माझं होतं. दार माझं होतं. मी सीफच्या ऑफिसात साहेबाशी सुट्टीसाठी भांडणारी बाई, कोल्ड स्टोअरवाल्याला नासक्या दह्यासाठी फैलावर घेणारी. त्या संध्याकाळी माझी सगळी वाचा कुठे गेली होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताट घेऊन वर गेले. हळद, कुंकू, तिळगूळ, वाणाची डबी, वर एक साडीसुद्धा. सिस्टर टेबलाशी बसून एकट्याच क्रॉस विणत होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, माझी चूक झाली. मी तुम्हाला कुंकू लावायला आलेय." त्या उठून उभ्या राहिल्या. आता चष्मा उतरला.

"इथे लावणार? माझ्या घरात, दार लोटून?"

"हो. म्हणजे, काल..."

"काल तीस जणींसमोर परत पाठवलंस आणि आज लपून लावतेस. हे घेऊन जा खाली."

मी रडायला लागले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, पण आवाज जराही मऊ केला नाही. "मी तीनदा ठोकलं. आतून उत्तर द्यायला कुणीतरी लागतं. मला ती बाई काय म्हणाली याचं काही नाही, ती मला ओळखत नाही. तू ओळखतेस." मग एकदम विचारलं, "ती कुठे होती? हात फिरवणारी?"

"काकू? स्वयंपाकघरात."

"तिला लावता तुम्ही ते लाल?"

"नाही."

"किती वर्षं?"

मी सांगितलं, नऊ. त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "लेबर वॉर्डात माझ्याकडे एक मुलगी आली होती, नवरा चार दिवसांपूर्वी साइटवर पडून गेलेला. मी तिला विचारायला हवं होतं का, नवरा आहे की नाही, मग बाळ काढू? नऊ वर्षं तुझ्याच स्वयंपाकघरात, आणि तुला एकदाही राग आला नाही?" मी ताट तसंच घेऊन खाली आले.

पुढच्या आठवड्यात मंडळाने सिस्टरचा निरोपसमारंभ जाहीर केला. जवळच्याच एका रेस्टॉरंटचा हॉल, शाल, मानपत्र, "आपल्या लाडक्या सिस्टर" असा मोठा फलक, आणि कार्यक्रमपत्रिकेत 'आयरिश लोकगीत, तीन मिनिटं'. सिस्टरनी चिठ्ठी पाठवली, मी येणार नाही. वहिनींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय हा उद्धटपणा! आपण एवढं करतोय. आणि त्या दिवसाचं मनात धरलं असेल, तर त्यांना काय कळतंय आपल्यातलं?" तेव्हा मात्र मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा मला उभं राहूनच रागवावंसं वाटलं. म्हटलं, त्यांना सगळं कळतं. आपल्याला कळत नाही. आपण त्यांना दारातून घालवलं आणि मी तोंडाला कुलूप लावून बघत बसले. आता ही शाल कुणाच्या खांद्यावर टाकायची ते तुम्हीच ठरवा. आणखीही बरंच बोलले, त्यातलं थोडं कमी बोलले असते तरी चाललं असतं. संध्याकाळपर्यंत मला मंडळाच्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं. शाल अजून वहिनींच्या कपाटात आहे असं ऐकते.

सिस्टरच्या जाण्याच्या दिवशी दुपारी जुई धावत खाली आली. "आई, सिस्टर इज सिंगिंग. कम फास्ट." वर गेले. फ्लॅट रिकामा झालेला, पडदेही उतरवलेले. दोन बॅगांवर दोघी बसल्या होत्या, सिस्टर डोळे मिटून गात होत्या आणि सावंत काकू त्यांचा हात धरून फिरवत होत्या. समुद्रापलीकडे लग्न करून दिलेल्या एका मुलीचं ते गाणं, प्रत्येक कडव्यात तिला माहेरची एकेक गोष्ट आठवते, गाय, विहीर, चुलीजवळची जागा. त्याची अकरा कडवी आहेत. मी अकराच्या अकरा दारात उभी राहून ऐकली. सिस्टरनी एकही गाळलं नाही. संपल्यावर डोळे उघडले, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "दारात काय उभी आहेस? आत ये." मी आत गेले. "राग गेलेला नाही माझा," त्या म्हणाल्या, "चहा घे."

विमानतळावर सोडायला आम्ही तिघं होतो, हे, मी आणि जुई. ट्रॉली ढकलत जाता जाता त्या थांबल्या. मला वाटलं, आता मिठी वगैरे. त्यांनी विचारलं, "तुझ्या काकूचं काय करणार आहेस?"

मी म्हटलं, "बघते."

"तुमचं 'बघते' आणि इथलं 'इंशाल्ला', दोन्ही मी चौतीस वर्षं ऐकलंय," त्या म्हणाल्या. जुईच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे न बघता आत गेल्या.

या वर्षी रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी मी पुन्हा हळदीकुंकू केलं. निरोपात स्पष्ट लिहिलं, सगळ्या बायकांना बोलावणं आहे, नवरा असो, नसो, गेलेला असो. गेल्या वर्षीच्या तीसजणींपैकी अकराजणी आल्या. "तब्येत बरी नाही" सांगणाऱ्या बऱ्याच निघाल्या, त्यांची तब्येत त्या संध्याकाळी सीफच्या मॉलमध्ये फिरण्याइतकी चांगली होती. काकू यायला तयार नव्हत्या. "माका नको गो बाय, लोक काय म्हणतले?" तीन दिवस मी त्यांच्यामागे लागले. शेवटी आल्या, तेही स्वयंपाकघराच्या दाराने जाऊ लागल्या. मी त्यांना हाताला धरून दिवाणखान्यात आणलं, सगळ्यांच्या मधोमध खुर्चीत बसवलं आणि पहिलं कुंकू त्यांना लावलं. आलेल्या अकराजणींपैकी दोघी उठून पाणी प्यायला म्हणून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. बाकीच्यांनी काकूंना वाकून नमस्कार केला. काकूंनी ओटीतली डबी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

जाताना मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. लिफ्ट यायला वेळ होता. काकूंनी इकडेतिकडे बघितलं आणि पदराच्या टोकाने कुंकू पुसून टाकलं. खाली मुलगा होता, सून होती, शेजारच्या बायका होत्या. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. माझ्या अंगात सिस्टरच शिरल्या होत्या म्हणा ना, एवढा राग आला, पण तो काकूंवर नव्हता, आणि ज्यांच्यावर होता त्यांतलं तिथे कुणी नव्हतं.

"पुढच्या वर्साक घरापर्यंत ठेवतलंय," काकू म्हणाल्या. लिफ्टचं दार उघडलं, त्या आत गेल्या आणि दार मिटायच्या आधी हात आडवा घालून म्हणाल्या, "सिस्टरीक कळव हां. पण पुसलंय ता सांगू नको."

मी दोन्ही कळवलं.